लिनक्स लॅपटॉपची हार्डडिस्क टिकटिक करतेय? आधी या चुका टाळा

द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या धामधुमीत दिंडोरीहून मामांचा फोन आला, "बाळा, लॅपटॉप टिकटिक करतोय अन् फाईल उघडायला पाच-पाच मिनिटं लावतोय, दोनदा रीस्टार्ट मारून बघितला." त्यात बागेच्या चार वर्षांच्या फवारणीच्या नोंदी, कुठल्या प्लॉटला कुठलं औषध कधी मारलं ते सगळं, आणि एक्स्पोर्टला माल द्यायचा म्हटलं की या नोंदी लागतातच. मी म्हटलं लगेच बंद करा आणि घेऊन या. मामा नाशिकला सिडकोत माझ्या घरी पोचले, बॅग उघडली तर लॅपटॉप गरमागरम, पंखा सुरू. मामांनी झाकण लावलं होतं, त्यांच्या लेखी तेच बंद, आणि दिंडोरी रोडचे सगळे खड्डे त्या डिस्कने फिरता फिरता खाल्ले.

म्हणून पहिलं हेच सांगतो, टिकटिक सुरू झाली की परत परत रीस्टार्ट करू नका आणि नुसतं झाकण लावून नेऊ नका, नीट शटडाऊन करा. डिस्कचं हेड, म्हणजे डेटा वाचणारं टोक, प्लॅटरच्या म्हणजे फिरणाऱ्या चकतीच्या वर काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, ते एकदा बिघडलं की प्रत्येक स्टार्टला घासायची भीती असते, शिवाय लिनक्स बूट होताना लॉग लिहितं, कधी स्वतःहून एफएसचेकही (fsck, फाईलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम) सुरू करतं.

पण सगळ्या टिकटिकी सारख्या नसतात, घाबरायच्या आधी हे बघा. टर्मिनलमध्ये डिस्कांची यादी दाखवणारी एलएसबीएलके (lsblk) कमांड द्या, त्यात रोटा (ROTA) कॉलम शून्य असेल तर ती एसएसडी आहे, तिच्यात फिरणारं काहीच नाही, आवाज पंख्याचा वगैरे असणार. फिरणारी डिस्क असेल आणि लॅपटॉप निवांत पडलेला असताना अधूनमधून एकच हलकी टक् येत असेल, बाकी काम सुरळीत, तर बहुतेक वेळा ते हेड पार्किंग असतं, वीज वाचवायला डिस्क हेड बाजूला नेऊन ठेवते. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिला स्मार्ट म्हणतात, ती दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएल (smartctl) कमांडने १९३ नंबरचा लोड सायकल काउंट, म्हणजे हेड किती वेळा पार्क झालं तो आकडा बघा, दहा मिनिटांनी परत बघा. लॅपटॉपच्या डिस्का साधारण तीन ते सहा लाख सायकलींच्या असतात, आता दर दहा सेकंदाला एक पार्किंग धरलं तर तासाला ३६०, रोज आठ तास वापर असेल तर साडेतीन महिन्यांत तीन लाख संपले की! एचडीपार्म (hdparm) कमांडने एपीएम, म्हणजे डिस्कची वीज-बचतीची लेव्हल २५४ केली की हे बहुतेक थांबतं, पण रीबूट किंवा सस्पेंडनंतर सेटिंग उडू शकतं, म्हणून टीएलपी (TLP) ही बॅटरी वाचवायची युटिलिटी वापरत असाल तर तिच्या कॉन्फिगमध्ये बॅटरीवरची आणि चार्जरवरची लेव्हल दोन्ही बदला. लोक एकच बदलतात आणि मग परत टिकटिक.

मामांचं प्रकरण हे नव्हतं. तिथे टक टक टक टक असा ठेका, मग मोटर थांबायची, परत फिरायची, आणि कर्नल लॉगमध्ये आय-ओ एरर आणि हार्ड रीसेटिंग लिंकच्या ओळीच ओळी. आणि गंमत नाही, खरंच सांगतो, स्मार्ट रिपोर्टमध्ये वर 'पास्ड' लिहिलेलं होतं! त्यावर विसंबू नका. ५, १९७ आणि १९८ या ओळी खराब सेक्टरांच्या, म्हणजे डिस्कवरच्या बिघडलेल्या छोट्या कप्प्यांच्या, त्यांची रॉ व्हॅल्यू बघा, मामांच्या १९७ ला ११२ सेक्टर पेंडिंग, म्हणजे वाचता न येणारे होते. नुसता १९९, म्हणजे डेटा ये-जा करतानाच्या चुकांचा आकडा वाढत असेल तर केबल किंवा कनेक्टर तपासा, ते स्वस्तात निघतं.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक, ती म्हणजे आधी दुरुस्ती आणि मग कॉपी. मरणाऱ्या डिस्कवर एफएसचेक चालवायचं नाही, ते त्याच डिस्कवर लिहीत बसतं आणि उरलीसुरली फोल्डरांची रचना मोडू शकतं. स्मार्टची लाँग टेस्ट पण नको, ती अख्खी डिस्क वाचते आणि तुमच्या हाती एक फाईल येत नाही. खराब जागा शोधणाऱ्या बॅडब्लॉक्स (badblocks) प्रोग्रामचा राइट मोड तर डेटा पुसूनच टाकतो. त्या डिस्कमध्ये वाचायचा जेवढा दम उरलाय तो सगळा कॉपीवर खर्च करा.

लाइव्ह पेनड्राईव्हवरून बूट करा, डिस्क माउंट करू नका, आणि जीएनयू डीडीरेस्क्यू (ddrescue) चालवा, ते खराब डिस्कची जमेल तेवढी नक्कल एका इमेज फाईलमध्ये काढतं. पहिल्या फेरीत मायनस एन (-n) हा पर्याय लावा म्हणजे खराब जागेत ते अडकून बसत नाही, चांगला भाग आधी उचलतं. कुठवर कॉपी झालं याची नोंद ठेवणारी मॅप फाईल द्यायला विसरू नका, लाईट गेली तरी तिथूनच पुढे सुरू होतं. इमेज ठेवायची डिस्क मोठी हवी आणि फॅट३२ नको, तिथे एक फाईल ४ जीबीच्या पुढे जात नाही. आणि एंटर मारायच्या आधी सोर्स कुठला, डेस्टिनेशन कुठलं हे दोनदा वाचा, उलटं झालं तर सगळं गेलं. राहिलेल्या जागांवर दुसऱ्या फेरीत तीन वेळा रीट्राय द्या, आणि एफएसचेक करायचंच तर त्या इमेजच्या कॉपीवर करा.

फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं, आपल्याकडे पावसाळ्यात तर विचारूच नका. घरी डिस्कचं झाकण उघडणंही नाही. डिस्क बायोसमध्येच दिसत नसेल किंवा साइज शून्य दाखवत असेल तर सॉफ्टवेअरचा काही उपयोग नाही, क्लीन रूम, म्हणजे धूळविरहित खोली असलेल्या रिकव्हरीवाल्याकडेच द्या, आणि दुकानात तसं स्पष्ट विचारा.

मामांची ५०० जीबीची डिस्क रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली, शेवटी तीनेक एमबी निघालं नाही. दोन फोटो अर्धे करडे आले, पण फवारणीची शीट उघडली आणि मामा चहा तसाच ठेवून एकेक प्लॉट वाचत बसले.