सळई चाचणी प्रयोगशाळेने एनएबीएल मान्यतेची तयारी कशी करावी

जालन्यातील पोलाद उद्योगामुळे तेथील स्वतंत्र चाचणी प्रयोगशाळांना बांधकामाच्या सळईची कामे मिळतात. मात्र अहवालावर एनएबीएलचे, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे, चिन्ह हवे असेल, तर आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७ या प्रयोगशाळांच्या सक्षमतेविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तयारी करावी लागते. मान्यता प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही. ती ठरावीक चाचणी, तिची पद्धत आणि मापनाची मर्यादा यांच्यापुरतीच असते, आणि यालाच ‘स्कोप’ म्हणतात. म्हणून पहिल्या अर्जात नित्य होणाऱ्या मोजक्याच चाचण्या घालाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर प्रत्येक निकाल कोणकोणत्या उपकरणांवर अवलंबून आहे, हे शोधावे. ताणचाचणीचे यंत्र कॅलिब्रेट करून, म्हणजे प्रमाणित मापाशी पडताळून, घ्यायचे कोणी विसरत नाही; दुर्लक्ष होते ते वजनकाट्याकडे. आयएस १७८६ या सळईच्या भारतीय मानकानुसार सळईचे क्षेत्रफळ व्यास मोजून नव्हे, तर तुकड्याचे वजन आणि लांबी यांवरून काढतात. १२ मि.मी. सळईच्या अर्ध्या मीटरच्या तुकड्याचे वजन सुमारे ४४४ ग्रॅम भरते. काट्याने ५ ग्रॅम कमी दाखवले, तर क्षेत्रफळ एक टक्क्याहून थोडे अधिक घटते आणि तेवढ्याच प्रमाणात ताण (बल भागिले क्षेत्रफळ) वाढून दिसतो. म्हणजे प्रत्यक्षात ४९७ न्यूटन प्रति चौरस मि.मी. असलेली सळई ५०२ च्या पुढे जाते आणि किमान ५०० मागणाऱ्या एफई ५०० या प्रतीच्या निकषात बसते. ही सळई कोणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये जाणार असते. त्यामुळे काटा आणि मोजपट्टी यांचेही कॅलिब्रेशन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडूनच करून घ्यावे आणि प्रमाणपत्र आले की ते नुसते फायलीत न लावता त्यातील त्रुटी आपल्या कामाला चालण्याजोगी आहे का, हे तपासून तशी नोंद करावी.

सीमारेषेवरच्या निकालांसाठी मापनाची अनिश्चितता, म्हणजे खरे मूल्य निकालाच्या किती मागेपुढे असू शकते, हे काढावे आणि ते लक्षात घेऊन ‘पास’ कधी म्हणायचे, हा निर्णयाचा नियम काम स्वीकारतानाच ग्राहकाशी ठरवावा. कारखानदार ओळखीचा असला, तरी निकाल अधिकृत अहवालाआधी फोनवर कळवू नये आणि त्याच्या सांगण्यावरून कारण न नोंदवता फेरचाचणी करू नये. नमुना ग्राहकाने आणून दिला असेल, तर निकाल मिळालेल्या नमुन्यापुरताच आहे, हे अहवालात लिहावे.

प्रावीण्य चाचणीत (आपल्या निकालांची इतर प्रयोगशाळांच्या निकालांशी तुलना) सहभाग, अंतर्गत लेखापरीक्षण आणि व्यवस्थापन आढावा ही कामे अर्जापूर्वी उरकावीत. यांतील लेखापरीक्षण कागदोपत्री उरकणे सर्वांत घातक ठरते. ते करताना कोणताही एक जुना अहवाल काढावा आणि उलट्या क्रमाने नमुन्याचा क्रमांक, हाताने लिहिलेली मूळ निरीक्षणे, चाचणी करणाऱ्याच्या प्रशिक्षणाची नोंद आणि त्या तारखेला लागू असलेले काट्याचे प्रमाणपत्र इथपर्यंत जावे. यांतील एकही कागद सापडला नाही, तर कारण शोधून दुरुस्ती करावी आणि तोवर अर्ज थांबवावा.