गिअरवर हात ठेवून गाडी चालवायची सवय कशी सोडायची (आणि मुळात का)

रस्ता मोकळा मिळाला, टॉप गिअर पडला की एक हात स्टिअरिंगवर राहतो आणि दुसरा आपोआप गिअरच्या नॉबवर जाऊन बसतो. मलाही कित्येक वर्षं ही सवय होती, कोणी टोकलं की म्हणायचो अरे नुसता हात ठेवलाय, गिअर थोडाच बदलतोय. पण नुसता ठेवलेला हात आणि गिअर टाकणारा हात यातला फरक आपल्याला कळतो, गिअरबॉक्सला कळत नाही. त्याला फक्त जोर कळतो.

आत काय होतं ते आधी बघू, म्हणजे पुढचं पटेल. नॉब ज्या दांडीवर असतो ती काही गाड्यांत थेट गिअरबॉक्समध्ये जाते, बाकीच्यांत खाली रॉडला किंवा केबलला जोडलेली असते, आणि दुसऱ्या टोकाला गिअरबॉक्समध्ये असतो फोर्क, म्हणजे दोन बोटांचा एक चिमटा समजा. हा चिमटा एका गोल स्लीव्हच्या खाचेत बसलेला असतो. स्लीव्ह शाफ्टबरोबर गरागरा फिरते, फोर्क मात्र फिरत नाही, जागेवरच असतो. तुम्ही चौथा टाकला की फोर्क स्लीव्हला ढकलतो, तिचे दात चौथ्या गिअरच्या दातांत अडकतात, आणि फोर्कचं काम तिथेच संपतं. पुढे गिअर जागेवर धरायचं काम एक छोटा बॉल आणि त्यामागची स्प्रिंग करते (गिअर पडताना हाताला जो खट्टकन फील येतो ना तो बराचसा त्यांचाच), आणि दातांचा आकारही असा असतो की एकदा अडकले की सहज सुटत नाहीत. फोर्क त्या खाचेत थोडी फट राखून मोकळा राहणं अपेक्षित असतं.

आता नॉबवर हात टाका. ती फट गेली, फोर्कची बोटं फिरत्या स्लीव्हच्या कडेला टेकली. बऱ्याच रिअर व्हील ड्राइव्ह (म्हणजे इंजिनचा जोर मागच्या चाकांना जाणाऱ्या) गाड्यांत चौथा गिअर सरळ एकास एक असतो, म्हणजे इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर ती स्लीव्हही मिनिटाला ३००० फेरे मारते, सेकंदाला ५०, तासाभरात १,८०,००० फेरे, आणि तेवढा वेळ एक न फिरणारा तुकडा तिला घासतोय. वर परत दांडीचा हिशोब आहेच, ती ज्या टेकूवर हलते त्याच्या वरचा भाग लांब आणि खालचा आखूड, त्यामुळे समजा वरचा भाग पाचपट लांब असेल तर हाताचा एक किलोचा जोर खाली पाच किलोचा होतो. जोर सरळ खाली जात असता तरी फारसं बिघडलं नसतं, पण हात कधीच सरळ खाली दाबत नाही, कोपर मागे लोंबत असतं म्हणून तो दांडीला मागे ओढतो. नेहमीच्या पॅटर्नमध्ये पाचवा पुढे असतो, म्हणजे पाचव्यात असताना तुम्ही नकळत तासन्‌तास गिअर काढायच्या दिशेला ओढत बसलेले असता.

मग गिअरबॉक्स लगेच जातो का? नाही. नॉबवर बोटं टेकवली म्हणून कोणाचा गिअरबॉक्स फुटत नाही आणि केबलवाल्या गाड्यांत हाताचा जोर पूर्णपणे आत पोचतही नाही. ज्या गाड्यांची दांडी थेट गिअरबॉक्समध्ये जाते तिथे धोका जास्त, आणि हाताचं पूर्ण वजन टाकून बसणाऱ्याला जास्त. झीज हळूहळू होते, वर्षानुवर्षं होते, म्हणूनच कोणाला खरी वाटत नाही. मला पटलं ते एका मेकॅनिकने उघडलेल्या गिअरबॉक्समधला जुना फोर्क हातात दिला तेव्हा. एका बोटाची आतली कड आरशासारखी चकचकीत आणि नखाला लागेल इतकी खोल झिजलेली, दुसऱ्या बोटावर मात्र मूळचं खरबरीत ओतकाम तसंच. तो फोर्क हातामुळेच झिजला होता की कशाने हे मी सांगू शकत नाही, पण एकाच बाजूने सतत दाब आला की काय होतं ते दिसलं. कित्येक गाड्यांच्या मॅन्युअलमध्येही लिहिलेलं असतं की गिअर लिव्हरवर हात टेकवून ठेवू नका, फोर्क लवकर झिजतो, फक्त मॅन्युअल वाचतो कोण.

आता करायचं काय. सुरुवात सीटपासून करा, हे मी मुद्दाम आधी सांगतोय कारण बऱ्याच जणांचा हात आळसाने नाही तर सीट मागे असल्यामुळे गिअरवर जातो. पाठ सीटला पूर्ण टेकवा, हात सरळ करून मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर ठेवून बघा, खांदा सीटवरून न उचलता मनगट तिथे टेकलं पाहिजे. टेकत नसेल तर सीट पुढे घ्या किंवा सीटची पाठ थोडी उभी करा, स्टिअरिंग पुढेमागे होत असेल तर तेही. हात ताणलेला राहिला की खांदा दुखतो आणि मग हात विसाव्याला जागा शोधतो, समोर दिसतो तो नॉब.

मग हाताला घर द्या. घड्याळाच्या ९ आणि ३ वर दोन्ही हात, गिअर बदलायला गेलेला हात परत तिथेच. आर्मरेस्ट असेल आणि तो इतका पुढे सरकवलेला असेल की पंजा आपोआप नॉबवर पडतो तर तो मागे करा नाहीतर वर उचलून ठेवा.

गिअर टाकायची पद्धतही बदलायला लागते. मूठ आवळून नॉब पकडला की सोडायचं राहूनच जातं. तळवा उघडा ठेवून ढकला किंवा बोटांनी ओढा, गिअर पूर्ण बसेपर्यंत जोर ठेवा (अर्धवट सोडला तर तेही वाईटच), क्लच सोडायला लागायच्या आधी हात निघालेला असला पाहिजे. मी पहिले काही दिवस मनात म्हणायचो, टाकला, बसला, सोडला. वेडेपणा वाटतो पण दोन आठवड्यांत सवय लागली. सिग्नलला थांबलात की न्यूट्रल करा आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर, क्लचवरचा पायही काढा, कारण नुसता टेकवलेला पायसुद्धा क्लचचं बेअरिंग झिजवतो, आणि ते झिजणं फोर्कपेक्षा लवकर अंगावर येतं.

पटत नसेल तर एक गंमत करून बघा. मोकळ्या सरळ रस्त्यावर चौथ्यात असताना नॉबला हात न लावता ॲक्सिलरेटर थोडा दाबा आणि सोडा, आणि शेजारी बसलेल्याला नॉबकडे बघायला सांगा, तुम्ही रस्त्याकडेच बघा. थेट दांडीची किंवा रॉडवाली गाडी असेल तर नॉब जरासा पुढेमागे होताना दिसेल, कारण इंजिन आणि गिअरबॉक्स रबरच्या माउंटिंगवर डुलतात आणि दांडी त्यांच्याबरोबर हलते. आपण हाताने ती दांडी धरून ठेवली तर ते डुलणं कुठे जाणार, ते फोर्कवरच जाणार. केबलवाल्या गाडीत नॉब फारसा हलणार नाही.

सवय जुनी असेल आणि आत काही झालंय का अशी शंका असेल तर ॲक्सिलरेटर सोडल्यावर किंवा उतारावर लक्ष ठेवा. एखादा ठराविक गिअर आपोआप सुटून न्यूट्रल होतोय का, तोच गिअर टाकताना करकर आवाज येतो का, पूर्वीचा तो खट्टकन फील गेलाय का. नॉब नुसता खडखडत असेल आणि हात लावल्यावर थांबत असेल तर बहुतेक वेळा बाहेरचे बुश (सांध्यांत बसवलेल्या छोट्या रबर-प्लास्टिकच्या कड्या) गेलेले असतात, ते काम सोपं असतं. पण गिअर सुटत असेल तर हाताने दाबून धरून दिवस ढकलू नका, मी हे करणारे लोक बघितलेत, त्याने फोर्क आणि स्लीव्ह दोन्ही जातात. मेकॅनिकला आधी माउंटिंग, केबल किंवा रॉडची सेटिंग आणि गिअर ऑइल बघायला सांगा, हे सगळं बाहेरून होतं. तिथे काही सापडलं नाही तरच गिअरबॉक्स उतरवा, कारण फोर्क स्वतः लहानसा तुकडा असला तरी त्याच्यापर्यंत पोचायला बहुतेक गाड्यांत सगळा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. आणि उतरवलाच तर क्लच प्लेट आणि बेअरिंगही त्याच वेळी बघून घ्या.