लॅपटॉप देऊन टाकताय? नुसता फॉरमॅट मारून थांबू नका

गणपती आटोपले की आमच्या कुडाळच्या दुकानात जुने लॅपटॉप यायला लागतात. मुंबईचा चाकरमानी नवा घेतो आणि जुना गावात भाच्याला ठेवून जातो. मग भाचा तो आमच्याकडे घेऊन येतो, ‘जरा फास्ट करून द्या’ म्हणत. गेल्या वर्षी तारकर्लीचे एक होमस्टेवाले काका आले. लॅपटॉप चुलतभावाच्या मुलाला द्यायचा होता. म्हणाले, “फॉरमॅट मारलंय रे, आता आत काय एक ऱ्हवला नाय.”

मी त्यांच्यासमोरच हार्ड डिस्क काढून माझ्या मशीनला जोडली आणि फोटोरेक नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवलं. चहा येईपर्यंत पडद्यावर पाहुण्यांच्या आधार कार्डांचे फोटो दिसू लागले. नवरा, बायको, दोन पोरं, पत्त्यासकट. काका बघतच राहिले. “मगे ह्यां खयसून इला?”

सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून जमिनीतला माड पडत नाही. क्विक फॉरमॅटचंही तसंच आहे. तो फाइलींची नोंदवही नवी करतो, मजकूर आहे तिथेच राहतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. शिफ्ट-डिलीट केलं किंवा रिसायकल बिन रिकामी केली तरी फरक नाही. फिरत्या हार्ड डिस्कवर क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितो. ५०० जीबीच्या डिस्कला दीड-दोन तास लागतात, लागू द्या. काही जण पस्तीस वेळा पुसायला लावतात. ती पद्धत १९९६ सालची, तेव्हाच्या डिस्कसाठी सुचवलेली. आजच्या हार्ड डिस्कला एकदा नीट पुसलं की पुरे.

पण तुमच्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क आहे की एसएसडी, हे आधी बघा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये डिस्कखाली लिहिलेलं असतं. काही जुन्या मॉडेलांत दोन्ही असतात, आणि माणसं एक पुसून दुसरी विसरतात.

एसएसडीत फ्लॅश मेमरी असते. इलेक्ट्रॉन एका इन्सुलेटरच्या कुपीत अडकवून ठेवलेले असतात, म्हणून वीज गेली तरी माहिती वर्षानुवर्षं राहते. नॉन-व्होलाटाइल म्हणतात ते हेच. गंमत अशी की फ्लॅशला जुन्या अक्षरावर नवं अक्षर गिरवता येत नाही. नवं लिखाण दुसऱ्या रिकाम्या जागी जातं, आणि जुनी जागा पुढे कधीतरी मोठ्या ब्लॉकसकट पुसली जाते. सगळे सेल, म्हणजे या कुप्या, सारखे झिजावेत म्हणून आतला कंट्रोलर जागा फिरवत राहतो, शिवाय थोडी जागा स्वतःकडे राखून ठेवतो. ती विंडोजला दिसतच नाही. म्हणून वरून कितीही वेळा शून्यं लिहा, एखादी जुनी प्रत कोपऱ्यात उरू शकते. पस्तीस वेळा लिहिलंत तर एसएसडीचं आयुष्य तेवढं कमी होईल. ट्रिम (डिलीट झालेली जागा एसएसडीला कळवून रिकामी करवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर डिलीट केलेलं परत मिळणं अवघड होतं हे खरं, पण आधार कार्डांच्या बाबतीत मी ‘अवघड’वर विसंबणार नाही.

मी दुकानात दोनपैकी एक करतो. बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होताना विंडोजच्या आधी उघडणारी सेटिंग) सिक्युअर इरेज किंवा डेटा वाइप असा पर्याय असला तर तो वापरतो. हा हुकूम थेट एसएसडीच्या कंट्रोलरला जातो, तोच सगळे सेल रिकामे करतो, आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत काम होतं. तो नसला तर आधी पूर्ण ड्राइव्ह विंडोजमधल्या बिटलॉकरने एन्क्रिप्ट करतो, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं करतो, आणि मग विंडोज रीसेट. एन्क्रिप्ट करताना ‘फक्त वापरलेली जागा’ निवडू नका. जुन्या डिलीट केलेल्या फाइली नेमक्या न वापरलेल्या जागेतच लपलेल्या असतात. पूर्ण ड्राइव्ह निवडा. किल्ली नाहीशी झाली की एन्क्रिप्ट झालेली अक्षरं कोणाच्याही कामाची नाहीत.

रीसेट करताना नेहमी होणारी चूक सांगतो. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ दाबलं की माणूस निर्धास्त होतो. त्याच स्क्रीनवर चेंज सेटिंग्ज असतं. तिथे ‘क्लीन डेटा’ चालू करावं लागतं, आणि सगळ्या ड्राइव्हमधल्या फाइली काढायच्या का, तेही सांगावं लागतं. नाहीतर डी ड्राइव्ह जशीच्या तशी राहते. आणि आपल्याकडे हिशेब, लग्नाचे फोटो, सगळं डी मध्येच असतं!

जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढू नका, काढलंत तर चांगली बॅटरी आणि चार्जर दोन्ही लागलेले ठेवा. सिक्युअर इरेज अर्ध्यावर तुटलं तर काही ड्राइव्ह पासवर्ड लागून लॉक होऊन बसतात. सह्याद्रीकडून ढग गडगडला की आमच्याकडे वीज जाते, हे वेगळं सांगायला नको.

‘बॅटरी आणि आतला बटणसेल काढून ठेवला, आता सगळं गेलं असेल ना?’ हाही नेहमीचा प्रश्न. वीज गेल्यावर फक्त रॅम पुसली जाते. हायबरनेट केलं असेल तर रॅममधलंही आधीच डिस्कवर लिहिलेलं असतं. बायोसची चिप नॉन-व्होलाटाइलच. तुमच्या फाइली तिथे नसतात, पण बायोसचा पासवर्ड असतो, आणि आजकालच्या बहुतेक लॅपटॉपांत बटणसेल काढून तो जात नाही. देण्याआधी तुम्हीच काढा, नाहीतर भाचा तीन महिन्यांनी पेनड्राइव्हवरून पुन्हा विंडोज टाकायला जाईल, पासवर्डपाशी अडेल आणि तुम्हाला फोन करेल. बोटांचे ठसे, टीपीएममधल्या (किल्ल्या जपून ठेवणारी चिप) किल्ल्याही साफ करून टाका, दोन मिनिटांचं काम आहे.

बंद पडलेला लॅपटॉप सर्वात फसवा. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तेव्हा कितीतरी मशीन चिखलात गेल्या. खारी हवा, दमट घर, मदरबोर्डवर हिरवी बुरशीगत पुटं, हे तर आमच्या किनाऱ्यावर रोजचं. मशीन मेलं म्हणजे बोर्ड मेला, डिस्क बहुतेकदा जिवंत असते. भंगारात द्यायच्या आधी ती काढून घ्या. मोडायचीच असेल तर हार्ड डिस्कची तबकडी फोडा (लॅपटॉपच्या डिस्कमध्ये ती बहुधा काचेची असते, डोळ्यांना चष्मा लावा), आणि एसएसडीत बोर्डावरची प्रत्येक काळी चिप. मधोमध एक भोक पाडलंत आणि चिप बाजूला राहिली तर काही उपयोग नाही. लोहचुंबकाचा तर एसएसडीवर काडीचा परिणाम होत नाही.

काकांनी शेवटी सोपा मार्ग घेतला. जुनी हार्ड डिस्क काढून कव्हरमध्ये घातली आणि स्वतःकडे ठेवली, पोराला नवी २५६ जीबीची एसएसडी टाकून दिली. त्या जुन्या डिस्कवर आता आंब्याच्या पेट्यांचा हिशेब आहे. पाहुण्यांची आधार कार्डं त्यांनी त्याच दिवशी दुकानात बसून, शून्यं संपेपर्यंत न हलता, पुसून घेतली.