तंबोऱ्याची खुंटी अडकली तर

आषाढात कोल्हापुरात झड लागली की आमच्या मिरजेच्या तंबोऱ्याच्या खुंट्या फुगून घट्ट बसतात. जोर केला तर खुंटी एकदम फिरते आणि तार तुटते.

१. तार सैल करा, खुंटी मागेपुढे हलवत बाहेर काढा. एका वेळी एकच. प्रत्येक खुंटी आपल्याच भोकात नीट बसते.

२. कोरड्या फडक्यानं पुसा. लाकूड चकाकतंय, तिथेच ती घासते. त्या पट्ट्यावर साबणाची कोरडी वडी एकदाच हलकी फिरवा, वरून पांढरा खडू घासा.

३. परत बसवून चार-पाच वेळा फिरवा. साबणानं ती सरकते, खडूनं थांबते. घसरायला लागली तर खडू वाढवा.

तेलाचा थेंबही नको. लाकडात मुरलं की खुंटी सूर धरत नाही.