सीआर, जीएस व्हायचंय? मग आवक नंबर घ्यायला शिका

मी २०१२ ते २०१५ पुण्यात बीकॉम केलं, एसवायला (दुसऱ्या वर्षाला) सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी होते आणि टीवायला (तिसऱ्या वर्षाला) जीएस, म्हणजे कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेची सचिव. आता मावसबहीण कॉलेजला लागलीये आणि रोज विचारते, ताई मी उभी राहू का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आमच्या वेळी १९९४चा विद्यापीठ कायदा होता, म्हणजे मतदान वगैरे नाही, मागच्या परीक्षेत वर्गात ज्याला सगळ्यात जास्त मार्क तो सीआर, शिवाय एनएसएस, एनसीसी, स्पोर्ट्स, कल्चरलची मुलं आणि दोन मुली प्राचार्य नेमायचे, आणि मग या सगळ्यांनी आपल्यातूनच जीएस निवडायचा. त्यामुळे वर्गातल्या एकानेही मला निवडलेलं नव्हतं आणि ते पहिल्याच महिन्यात जाणवलं, कुणी काही सांगायलाच यायचं नाही. मग मी रोज एक लेक्चर मागच्या बाकावर बसायला लागले, तिथे कळलं की कुणाचा स्कॉलरशिपचा फॉर्म अडकलाय, कुणाला एटीकेटीच्या (राहिलेल्या विषयांच्या परीक्षेच्या) फॉर्मची तारीखच कळली नाही. पुढच्या बाकावर बसून हे कधीच कळलं नसतं.

आता २०१६चा कायदा आहे, त्यात अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी, आरक्षित प्रवर्गाचा एक प्रतिनिधी अशी पदं आहेत आणि ती निवडणुकीने भरायची आहेत. पण कायद्यात आहे म्हणून तुमच्याकडे मतदान होईलच असं धरून चालू नका, जूनमध्येच विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना जाऊन विचारा. निवडणूक असेल तर विद्यार्थी निवडणुकांसाठीचे लिंगडोह समितीचे नियम नीट वाचा, एका उमेदवाराचा खर्च जास्तीत जास्त ५००० रुपये, छापील पोस्टर चालत नाही, हाताने बनवलेलीच लागतात, आणि अटेंडन्स किमान ७५ टक्के. अटेंडन्सकडे आत्तापासून लक्ष द्या, ऐनवेळी काही करता येत नाही.

खरं काम मात्र निवडून आल्यावर. आम्हाला परीक्षेच्या काळात रीडिंग रूम रात्री ८ पर्यंत उघडी हवी होती. तीनदा तोंडी सांगितलं, तीनदा "बघू" ऐकलं. मग अर्ज लिहिला, मुलांच्या सह्या घेतल्या, दोन प्रती काढल्या, एक ऑफिसला दिली आणि आपल्या प्रतीवर आवकचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा शिक्का, नंबर, तारीख घेतली. पुढच्या वेळी नुसतं "रीडिंग रूमचं काय झालं" न विचारता अमुक तारखेच्या अर्जाचं काय झालं असं विचारलं, तेव्हा कुठे अडचण कळली, संध्याकाळी थांबायला माणूसच नव्हता. मग आम्हीच सुचवलं की कमवा आणि शिका योजनेतली दोन मुलं काउंटरवर बसवा, त्यांनाही तासांचे पैसे मिळतील. झालं ते काम! मला आजही सगळ्यात जास्त समाधान त्याचंच आहे, गॅदरिंगपेक्षाही.

गॅदरिंगबद्दल एकच सांगते, मंडपवाला असो की साउंडवाला, अॅडव्हान्स द्यायच्या आधी पक्कं बिल देणार का ते विचारा. आमची काही बिलं साध्या कागदावर होती, ती पास झाली नाहीत आणि चार जणांचे खिशातले पैसे गेले.

आणि पहिल्या दिवसापासून एक फाईल ठेवा, अर्जांच्या प्रती, मीटिंगमध्ये काय ठरलं, कुठलं काम कुणाच्या टेबलावर अडकलंय. मला आधीच्या जीएसकडून फक्त कपाटाची किल्ली मिळाली होती, मी पुढच्या मुलीला फाईल दिली, त्यात लेडीज रूमच्या दुरुस्तीचा अर्ज होता, माझ्या वर्षात ते काम झालं नाही, तिने दिवाळीआधी करून घेतलं.