गोव्याहून पहिल्यांदाच परदेशी निघताना

तिकीट हातात आलं की आधी विमानतळाचं नाव वाचा. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाबोळी वास्कोजवळ, मोपा पार उत्तरेला पेडण्यात. तिकिटावर दाबोळी असेल तर ‘जीओआय’ छापलेलं असतं, मोपा असेल तर ‘जीओएक्स’. फरक शेवटच्या एका अक्षराचा, पण चुकलात तर मध्ये दीड-दोन तासांचा रस्ता आहे आणि तेवढ्यात काउंटर बंद होतो. मोपाची वाहतूक 5 जानेवारी 2023 ला सुरू झाली. ओमान एअर त्याच वर्षी दाबोळीहून मोपाला गेली, 2024 मध्ये कतार एअरवेजही गेली. म्हणजे आखातात जाणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांसाठी आता मोपाच. पण घरातल्या मोठ्या माणसांच्या तोंडी अजून ‘विमानतळ’ म्हणजे दाबोळीच असतो. गाडी ठरवणारा काका किंवा भाऊ सवयीने तिकडेच निघेल. ड्रायव्हरला आदल्या दिवशी तिकीट दाखवा, नुसतं तोंडी सांगून थांबू नका. काणकोण, केपेकडच्यांना मोपा म्हणजे अख्खं गोवं पार करायचं आहे, तेव्हा त्यांनी वेळ त्या हिशेबाने धरावी.

मी मूळचा डिचोलीचा, बरीच वर्षं कतारमध्ये, दोह्यात आहे. सत्तरी, पेडणे, दोडामार्ग, सावंतवाडी इथली मुलं पहिल्यांदा निघाली की कुणाच्या ना कुणाच्या ओळखीने फोन येतोच. प्रश्न बहुतेक विमानतळावरचे असतात: तिथे काय विचारतात, इंग्रजी येत नाही तर काय, अडवलं तर? सगळ्यांना मी एकच सांगतो. कागद आणि तोंड एकच बोललं पाहिजे. दारापासून विमानापर्यंत चार ठिकाणी तुम्हाला थांबवतील आणि चारही ठिकाणी बघायचं तेच: हा माणूस कोण, जातोय कुठे, कशासाठी. उत्तर कागदावर असेल आणि तेच तुम्ही बोललात तर भिण्यासारखं काही नाही. म्हणून खरी तयारी घरी, महिना-दोन महिने आधी करायची असते.

सुरुवात नावापासून. पासपोर्टवर जे स्पेलिंग आहे तेच व्हिसावर आणि तेच तिकिटावर हवं, अक्षरन् अक्षर. आपल्याकडे हा प्रश्न इतरांपेक्षा जास्त येतो, कारण जुन्या जन्मदाखल्यांवर आणि वडिलांच्या कागदांवर आडनावं पोर्तुगीज वळणाने लिहिलेली असतात. नाईक, परब, कामत ही साधी आडनावंही आजोबांच्या कागदावर एका तऱ्हेने आणि नातवाच्या दहावीच्या दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेने सापडतात. पासपोर्ट काढण्यापूर्वीच सगळे दाखले एकत्र मांडून बघा. नाव बदलून घ्यायची वेळ आली तर त्यासाठी गोव्यात 1990 चा स्वतंत्र कायदा आहे, पण त्याला वेळ लागतो. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी ठेवू नका. संयुक्त अरब अमिरातीने 2022 च्या नोव्हेंबरपासून एकाच शब्दाचं नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक आणि व्हिजिट व्हिसाच्या माणसांना घेणं थांबवलं आहे. पासपोर्टची मुदत पोहोचायच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक असावी.

आता पासपोर्टचं शेवटचं पान उघडा, जिथे आई-वडिलांची नावं आणि पत्ता असतो. तिथे ‘ईसीआर’ची (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) ओळ छापली आहे का बघा. असेल तर कतार, ओमान, कुवेत, सौदी, बहरीन, अमिराती अशा ठरावीक देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी सरकारची मंजुरी, म्हणजे एमिग्रेशन क्लिअरन्स, घ्यावी लागते. ती ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून होते. ती नसेल तर व्हिसा, तिकीट सगळं हातात असूनही इमिग्रेशनच्या काउंटरवरून परत पाठवतात. त्या ठिकाणी रडून-विनवून काही होत नाही. दहावी पास झालेल्याला ही अट लागू नाही. तरीही अर्जासोबत दहावीचं सर्टिफिकेट जोडलं नाही म्हणून कित्येकांच्या पासपोर्टवर ईसीआर राहून जातं. तुमचं तसं झालं असेल तर पासपोर्ट नव्याने काढून घ्या आणि मगच तिकिटाचं बघा. ज्यांना मंजुरी लागते त्यांच्यासाठी प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमाही सक्तीचा आहे: दोन वर्षांचे 275 रुपये, तीन वर्षांचे 375, आणि संरक्षण दहा लाखांचं. एवढ्या पैशात हा विमा कुणी नको म्हणू नये. तीस वर्षांखालच्या मुलीला ईसीआर पासपोर्टवर या देशांत नोकरीची मंजुरी मिळत नाही, हे घरच्यांनी आधीच लक्षात घ्यावं.

एजंटाबद्दल मला जरा जोर देऊन सांगायचं आहे. सरकारमान्य एजंटाचं नाव ई-मायग्रेटवर सापडतं. त्याला तुमच्याकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि वर जीएसटी घेता येतो, आणि त्याची पावती द्यावी लागते. लाख-दीड लाख रोख मागून पावती न देणारा माणूस ओळखीचा असो, नात्यातला असो, त्याच्याकडे पासपोर्ट ठेवू नका.

आणि सगळ्यात वाईट सल्ला तो हा: “व्हिजिट व्हिसावर जा, काउंटरवर फिरायला चाललोय म्हणून सांग, तिकडे गेल्यावर नोकरीचं बघू.” हे ऐकून कुणीही निघू नये, असं मी हात जोडून सांगतो. बावीस वर्षांचा मुलगा, पहिलंच विमान, बॅगेत कामाचे बूट आणि वेल्डिंगचं सर्टिफिकेट, आणि तोंडाने म्हणतो फिरायला चाललोय. समोरच्या अधिकाऱ्याने अशी शेकडो मुलं बघितलेली असतात. तो विचारतो, हॉटेल कुठलं? परतीचं तिकीट कधीचं? खर्चाचे पैसे कुठे आहेत? दुसऱ्याच प्रश्नाला मुलाची जीभ अडखळते आणि तो घरी परत येतो, एजंटाचे पैसे बुडून. आणि सुटला तर ते त्याहून वाईट. कारण व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथल्या कायद्याने गुन्हा आहे. पगार बुडवला तरी तक्रार करायला तोंड राहत नाही, कारण तुम्ही कामगार आहात याचा कागदच नसतो. कतारच्या नोकरीच्या व्हिसाची रीत स्वच्छ आहे. बोटांचे ठसे, मेडिकल आणि करारावर सही, हे सगळं निघण्यापूर्वी भारतातच कतार व्हिसा सेंटरमध्ये होतं, आपल्याला सोयीचं म्हणजे मुंबईचं. तिथे करार समजून घेऊन सही करा, पगाराचा आकडा आणि कामाचं नाव स्वतः वाचा. एजंटाने सांगितलेला पगार आणि करारातला पगार वेगळा निघाला तर तिथेच थांबा.

बॅग भरायची ती तिकिटावरचं वजन बघून. किती किलो चालतं हे कंपनीप्रमाणे आणि तिकिटाच्या प्रकाराप्रमाणे बदलतं. हातातल्या बॅगेला बहुधा सात किलो असतात. घरी वजनकाट्यावर मोजून घ्या, नाहीतर काउंटरसमोर सगळ्यांदेखत बॅग उघडून आईने दिलेलं सामान बाहेर काढावं लागतं.

आईशी बोलून ठेवायची गोष्ट एकच, ती म्हणजे मसाला. आपल्या शागोतीच्या मसाल्यात खसखस असते. भाजून, खोबऱ्याबरोबर वाटून आई ती डब्यात भरते, डबा टेपने घट्ट बांधते, आणि मुलाला त्यात काय आहे हे ठाऊकही नसतं. आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारी ही खसखस कतार, अमिराती, सौदीमध्ये अंमली पदार्थांत मोडते. मूठभर सापडली तरी माणूस पोलिसांच्या ताब्यात जातो, आणि मला माहीत नव्हतं हे उत्तर तिथे चालत नाही. घरचा मसाला न्यायचाच असेल तर खसखस न घालता वेगळा करून घ्या, किंवा नेऊच नका. दोह्यात भारतीय दुकानांत मसाले मिळतात. फेणीची बाटली आणि चोरीस (डुकराच्या मांसाचे गोव्याचे सॉसेज) घरीच राहू द्या, कतारमध्ये सामानातून दारू किंवा डुकराचं मांस नेता येत नाही. तिथे उतरल्यावर बॅगा पुन्हा मशीनमधून जातात, हे विसरू नका. गुटखा आणि ई-सिगारेट नको. सुकं खोबरं चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं म्हणून विमानात मनाई आहे. आमसुलं, पापड खुशाल न्या. लोणचं हातातल्या बॅगेत अडकतं, ते घट्ट बांधून मोठ्या बॅगेत ठेवा. पॉवर बँकेचं उलटं, ती हातातच हवी, मोठ्या बॅगेत चालत नाही. रोजची औषधं असतील तर डॉक्टरची चिठ्ठी बरोबर, आणि गोळ्या मूळ पाकिटातच. ट्रॅमाडॉल, कोडीन असलेली वेदनाशामकं आणि खोकल्याची औषधं तिथे कडक नियमाखाली आहेत. दुसऱ्या कुणाचं पार्सल, “माझ्या भाच्याला एवढं दे” म्हणून आलेलं, उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका. शेजारी नाराज झाले तर होऊ द्या.

विमानाच्या तीन तास आधी विमानतळावर पोचा. काउंटर साधारण तेव्हाच उघडतो आणि विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो. दारावर जवान तिकीट आणि पासपोर्ट बघतो. डिजीयात्रा, म्हणजे चेहरा स्कॅन करून आत सोडण्याची सोय, सध्या देशातल्या प्रवासापुरती आहे, तेव्हा परदेशी जाताना त्या रांगेत उभं राहू नका. घरचे दारापर्यंतच, आत येत नाहीत. निरोप बाहेरच घ्या आणि त्यासाठी वेळ ठेवा. दाबोळीहून निघत असाल तर तो नौदलाचा तळ आहे, धावपट्टीकडचे फोटो काढू नका.

आत गेल्यावर आधी विमान कंपनीचा काउंटर. पासपोर्ट, व्हिसाची छापील प्रत, तिकीट. मोबाईलवर आहे म्हणून भागत नाही, बॅटरी जाते, नेट जातं, म्हणून कागद छापूनच न्या. इथे व्हिसा तपासतात, कारण चुकीचा माणूस नेला तर दंड कंपनीला बसतो. बोर्डिंग पास मिळाला की त्यावरचं नाव तिथेच उभं राहून वाचा. मोठ्या बॅगेची चिकटपट्टी बोर्डिंग पासला किंवा पासपोर्टला लावून देतात, ती फाडू नका. बॅग हरवली तर तोच पुरावा.

मग इमिग्रेशन. पूर्वी भारतीयांना इथे एक कार्ड भरावं लागायचं, ते 2017 च्या जुलैपासून बंद झालं आहे. कुणी पैसे घेऊन फॉर्म भरून देतो म्हणाला तर पुढे चालायला लागा. अधिकारी पासपोर्ट घेईल, कॅमेऱ्याकडे बघायला सांगेल आणि दोन-तीन प्रश्न विचारेल: कुठे, कशासाठी, कंपनी कुठली. हिंदीत उत्तर दिलं तरी चालतं. विचारलं तेवढंच सांगा. कराराची प्रत हातातल्या बॅगेत असू द्या आणि मागितली तरच काढा. तो आवाज चढवून बोलला तरी घाबरू नका, रांगेतल्या सगळ्यांशी तो तसाच बोलतो. पासपोर्ट परत मिळाला की शिक्का आणि तारीख बघून घ्या. यानंतर सिक्युरिटी: पट्टा, पाकीट, मोबाईल ट्रेमध्ये. पुढे गेटवर बसा आणि गेट बदलल्याची घोषणा कानावर राहू द्या.

मुंबईमार्गे जाणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट. इमिग्रेशन मुंबईला होतं आणि परदेशी विमानं टर्मिनल 2 वरून सुटतात. गोव्याचं विमान टर्मिनल 1 वर उतरलं तर मध्ये रस्त्याने जावं लागतं, मुंबईच्या गर्दीतून. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर बॅगही तुम्हीच उचलून पुन्हा द्यायची. मध्ये चार-पाच तास तरी ठेवा.

दोह्यात उतरल्यावर पुन्हा हाच प्रकार: रांग, पासपोर्ट, कॅमेरा, शिक्का. कंपनीचा माणूस न्यायला येणार असेल तर त्याचा नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण आपलं सिम तिथे चालेलच असं नाही. बाहेर पडल्यावर तो बहुधा पासपोर्ट मागेल. रेसिडेन्सीच्या, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्याच्या, कामासाठी तो द्यावा लागतो, पण काम झालं की परत मागून घ्या. कतारच्या 2015 च्या 21 क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे मालकाने तो परत द्यायचाच असतो. तुम्ही लेखी सांगितल्याशिवाय तो ठेवून घेतला तर 25,000 रियालपर्यंत दंड आहे. सगळ्यांचेच ऑफिसच्या कपाटात असतात म्हणाले तरी नम्रपणे मागा, पुन्हा मागा, आणि तरी मिळाला नाही तर दोह्यातल्या भारतीय दूतावासात जा. देण्यापूर्वी पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो, व्हिसाचा फोटो आणि कराराचं प्रत्येक पान घरी बहिणीला किंवा भावाला पाठवून ठेवा.