बाळाचं नाव स्कॉटिश ठेवताय? या चुका टाळा

स्कॉटलंडमध्ये बाळाचा जन्म २१ दिवसांच्या आत नोंदवावा लागतो. इंग्लंडमध्ये ४२ दिवस मिळतात. बाराव्या दिवशी बारसं केलं तरी त्यानंतर हातात नऊच दिवस उरतात. मग घाईघाईत नावांची जी पहिली यादी सापडेल ती उघडली जाते. अशा बहुतेक याद्यांत आयरिश, वेल्श आणि स्कॉटिश नावांची सरमिसळ असते, आणि निम्म्या चुका तिथूनच येतात.

आयरिश नाव स्कॉटिश समजून घेणं

नीव्ह, सीर्शा, शिव्हॉन, किलियन ही नावं आयर्लंडची. ती आज स्कॉटलंडमध्येही ठेवली जातात, पण ‘पारंपरिक स्कॉटिश’ म्हणून नाही. लिखाणावरून एक खूण पटते. आयरिश लेखनात स्वरावरची तिरकी रेघ डावीकडून उजवीकडे वर चढते, आजच्या स्कॉटिश गॅलिकमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या केल्टिक भाषेत, ती खाली उतरते. ‘इ-ओ-आय-एन’ हे नाव त्यामुळेच फसवं. रेघेसह स्कॉटिश वाचलं तर ते साधारण ‘योन’ होतं, रेघ गाळली की लोक ते आयरिश धरून ‘ओवेन’ वाचतात.

शिवाय सगळं स्कॉटलंड गॅलिक नव्हे. जीन, एल्सपेथ, इझोबेल, आर्चिबाल्ड ही सखल प्रदेशातल्या घरांत रुळलेली नावं. ऑर्कनी आणि शेटलंड ही बेटं १४६८-६९ पर्यंत नॉर्वेच्या राजाकडे होती. तिथली खरी जुनी नावं मॅग्नस, थॉरफिन अशी. सासरे ऑर्कनीचे आणि नात ‘मुळाशी जोडलेली’ हवी म्हणून नाव गॅलिक, यात काही अर्थ नाही. आधी आजी-आजोबांचं गाव विचारा, मग नाव शोधा.

नवं नाव जुनं समजणं

फिओना ऐकायला प्राचीन वाटतं. प्रत्यक्षात ते १८व्या शतकात जेम्स मॅकफरसन यांच्या काव्यात आलं आणि १९व्या शतकाच्या शेवटी विल्यम शार्प यांनी ‘फिओना मॅक्लाउड’ या टोपणनावाने लिहिल्यावर पसरलं. स्काय, आयोना, आयला ही मुळात जागांची नावं. ती सुंदर आहेत, जरूर ठेवा. फक्त पणजीच्या काळातलं नाव हवं असेल तर मोराग, कर्स्टी, युफिमिया, मार्गारेट इकडे वळा.

हाक मारायचं रूप आणि मूळ नाव यांची गल्लत

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. गॅलिकमध्ये हाक मारताना नावाचं पहिलं व्यंजन बदलतं. आपल्याकडे संबोधनात ‘राम’चा ‘रामा’ होतो तसंच, फरक इतकाच की तिथे बदल सुरुवातीलाही होतो. ‘शेमस’ म्हणजे जेम्स. त्याला हाक मारली की ‘अ हेमिश’. इंग्रजी कानांनी ती हाकच नाव म्हणून उचलली आणि हेमिश तयार झालं. ‘मारी’चं ‘अ वारी’ होतं, त्यातून ‘एम-एच-ए-आय-आर-आय’ असं लिहिलं जाणारं वारी हे नाव आलं. दोन्ही आता स्वतंत्र नावं आहेत, त्यात गैर काही नाही. फक्त ‘हे मूळ गॅलिक रूप’ असं पत्रिकेवर छापू नका.

वाचताना एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ: एम किंवा बी नंतर एच आला की उच्चार बहुधा ‘व’, एस किंवा टी नंतर आला की ‘ह’, एफ नंतर आला तर बहुतेक वेळा दोन्ही मुके. ‘इ-आय-एल-आय-डी-एच’ हे नाव ‘एली’ असं म्हणतात. लॅखलनमधला ‘ख’ स्कॉटलंडबाहेर ‘क’ होतो, ते आधीच गृहीत धरा. आणि दोन ‘आय’चं ‘ईअन’ घेणार असाल तर ते साध्या छापील अक्षरात लिहून बघा. पहिला मोठा ‘आय’ लहान ‘एल’सारखा दिसतो आणि कारकून ‘लेन’ वाचतो.

मराठी कानाची चाचणी न घेणं

आयला. स्कॉटलंडमध्ये मुलींच्या अत्यंत लोकप्रिय नावांपैकी एक. पुण्याच्या आजीने भर बागेत ‘आयला!’ अशी हाक मारली की माना वळणारच. रोना या नावाला हिंदी ऐकणारा मुलूख रडवेलं करतो, ऊनाचं ‘उणा’ व्हायला वेळ लागत नाही. उलट वारी हे नाव पंढरपूरच्या वाटेवर कुणालाही परकं वाटणार नाही. निवडलेलं नाव दोन्हीकडच्या आज्यांना मोठ्याने उच्चारायला लावा, तेही आडनावासकट. ‘आयला आपटे’ एका दमात म्हणून बघा, म्हणजे कळेल.

आजीच्या नावाचं ‘भाषांतर’ करणं

आजी फ्लोरा होती म्हणून गॅलिकमध्ये ‘फूल’ शोधू नका. फ्लोराची गॅलिक जोडी फ्यूनाघल, आणि दोन्हींचा अर्थाशी संबंध नाही. तसंच टॉरमॉडला नॉर्मन, एखनला हेक्टर, बेहाकला रिबेका किंवा सोफिया. इंग्रजी नोंदीत लिहायला जवळ वाटलं ते नाव जोडलं गेलं, एवढंच. त्यामुळे जुन्या दाखल्यावर सोफिया असलेली पणजी घरात बेहाक असू शकते. आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

कुळाचं आडनाव पहिलं नाव म्हणून

कॅमेरॉन, फ्रेझर, ब्लेअर बिनधास्त ठेवा. पण कॅम्पबेलचा मूळ अर्थ ‘वाकडं तोंड’, हायलंडमधल्या, म्हणजे उत्तरेच्या डोंगराळ भागातल्या, कॅमेरॉनचा ‘वाकडं नाक’. आणि घरात मॅक्डोनाल्ड असतील तर ग्लेन्कोची १६९२ची कत्तल, जिच्यात एका कॅम्पबेल अधिकाऱ्याच्या सैनिकांनी मॅक्डोनाल्डांना मारलं, विसरलेली नाही असं धरून चाला. विनोदाने का होईना, कॅम्पबेल हे नाव निघालं की त्या कत्तलीचा विषय निघतोच.

जुना रिवाज पाळायचा असेल तर क्रम असा: पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांचं नाव घेतो, दुसरा आईच्या वडिलांचं, तिसरा वडिलांचं; पहिली मुलगी आईच्या आईचं, दुसरी वडिलांच्या आईचं, तिसरी आईचं. मधलं नाव बऱ्याचदा आईच्या माहेरचं आडनाव. मराठी पद्धतीने वडिलांचं नाव मधे घातलंत तर अर्जावर ते मुलीचंच दुसरं नाव ठरतं. ‘एल्सपेथ मंदार जोशी’मधला मंदार कोण, हे शाळेत सांगावं लागेल.

नोंदणीच्या दिवशी

स्वरावरच्या रेघेचा हट्ट असेल तर तो दाखल्यापुरता ठेवा. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, त्यांत रेघा बसत नाहीत. विमानाचं तिकीट काढताना त्या ओळींतलं स्पेलिंग वापरा. आणि रजिस्ट्रारसमोर सही करण्याआधी नाव एकेक अक्षर करून वाचा: कॅलममध्ये एक ‘एल’ की दोन, फिनलेच्या शेवटी ‘ए-वाय’ की ‘इ-वाय’. स्कॉटलंडच्या वार्षिक नावयादीत ही वेगवेगळी नावं म्हणून मोजली जातात.